रिडक्शन म्हणजे घट, मग इलेक्ट्रॉन वाढतात कसे?

अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतल्यावर रसायनशास्त्र कळेनासे झाले तर शाखा बदलावी का, हा प्रश्न दरवर्षी पहिल्या घटक चाचणीनंतर माझ्याकडे येतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात उत्तम गुण मिळवलेली एक विद्यार्थिनी 25 पैकी 6 गुण घेऊन आईसह आली, तेव्हा शाखाबदलाचा अर्ज भरूनच आली होती.

"नेमके काय कळत नाही?" या प्रश्नावर बहुतेक मुले "सगळेच" म्हणतात, आणि ते सहसा खरे नसते, म्हणून मी उत्तरपत्रिका मागितली. प्रत्येक रेडॉक्स अभिक्रियेत, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीत, तिने ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन गमावणे) आणि क्षपण म्हणजेच रिडक्शन (इलेक्ट्रॉन मिळवणे) यांची अदलाबदल केली होती. ज्याला काहीच येत नाही, त्याची उत्तरे अशी एकाच दिशेने चुकत नाहीत. विचारल्यावर ती संकोचून म्हणाली, "मॅडम, रिडक्शन म्हणजे कमी होणे ना? मग ज्याचे इलेक्ट्रॉन कमी झाले, त्याचेच रिडक्शन."

शंका अगदी रास्त होती. इलेक्ट्रॉनचा शोध 1897 मधला, 'रिडक्शन' हा शब्द त्याहून पुष्कळ जुना. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ 'मागे नेणे', आणि धातुकातला ऑक्सिजन काढून त्याला धातुरूपात परत आणण्याच्या क्रियेसाठी तो वापरला जाई. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात जस्ताची पट्टी बुडवण्याचा प्रयोग तिने शाळेत पाहिला होता. तिथे +2 प्रभाराचा तांब्याचा आयन जस्ताकडून दोन इलेक्ट्रॉन घेऊन शून्यावर येतो, म्हणजे इलेक्ट्रॉन ऋणप्रभारी असल्याने ते वाढतात तेव्हा प्रभाराचा आकडा घटतो, हे तिने स्वतःच कागदावर मांडले.

दुसरी गाठ लहान होती. अणूंमधला बंध तुटला की ऊर्जा मिळते, असे तिने धरले होते. हायड्रोजन आणि क्लोरीन यांचे बंध तोडायला प्रतिमोल सुमारे 436 आणि 242 किलोज्यूल खर्च होतात, दोन हायड्रोजन क्लोराइड जुळताना 862 मिळतात आणि 184 शिल्लक उरतात, हा हिशेब पुरला.

आईंनी खाजगी शिकवणीबद्दल विचारले. मी म्हटले, आधी महिनाभर प्रत्येक शंका मराठीत वहीत लिहून शिक्षकांपुढे ठेवू द्या. अर्ज तोवर माझ्याकडे राहील. पुढच्या चाचणीत तिला 13 गुण मिळाले. आईंना ते कमीच वाटले, पण अर्ज अजून माझ्याच खणात आहे.