शेक देणाऱ्या बाई

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

इंटर्नशिप संपली, बी.पी.टीएच. म्हणजे फिजिओथेरपीची पदवीधर झालीस आणि पहिल्या पगाराचा आकडा घरी सांगायची लाज वाटते, असं लिहिलंयस. साडेचार वर्षं घातल्यावर राग येणारच. मलाही यायचा.

नावाआधी 'डॉ.' लावायचं की नाही, यावर मात्र झोप उडवून घेऊ नकोस. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीहून केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं 'फिजिओथेरपिस्टांनी लावू नका' असं पत्र निघालं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं गेलं. तेवढ्यात आपल्या ग्रुपवर जी हाणामारी झाली, तेवढी एखाद्या पेशंटच्या गुडघ्यावर कधी झालेली मी पाहिली नाही. २०२१ च्या कायद्याने आपल्यासारख्या आरोग्य व्यावसायिकांसाठी देशपातळीवर आयोग आला, चांगलंच झालं. राज्य परिषदेची नोंदणी तेवढी आधी उरकून घे. पण पेशंटच्या लेखी तू 'शेक देणाऱ्या बाई'च. हे नाव आपणच ओढवून घेतलंय.

छोटासा गाळा, पडदे लावून तीन खाटा, प्रत्येकीशी एक मशीन. पेशंटला आय.एफ.टी.च्या, म्हणजे दुखण्यावर विजेचा सौम्य प्रवाह देणाऱ्या मशीनच्या, चकत्या चिकटवायच्या, पंधरा मिनिटं लावायची आणि पुढच्या खाटेकडे वळायचं. पहिली दोन वर्षं मीही हेच केलं; नोकरी होती तिथे दिवसाला किती खाटा झाल्या एवढंच मोजायचे. एक आजी दहा दिवस शेक घेऊन अकराव्या दिवशी म्हणाल्या, "बरं वाटतंय गं, पण खाली काही बसता येईना." त्यांना खाली बसायचंय का, हे मी विचारलंच नव्हतं! चालायला गुडघा ६०-७० अंश वाकला तरी भागतं, उकिडवं बसायला १३० च्या पुढे जावं लागतं. आपली पुस्तकं खुर्चीवर बसणाऱ्यांनी लिहिलेली. म्हणून पहिल्याच दिवशी विचारत जा: संडास कुठल्या पद्धतीचा? भाकरी कुठे बसून थापता? खुरपायला जाता का?

आपल्या विद्येची या देशातली पहिली शाळा मुंबईत के.ई.एम.ला निघाली, १९५० नंतरच्या दोन-चार वर्षांत, पोलिओची साथ असताना. ती पोरं शेकून चालणार नव्हती. त्यांना कॅलिपर, म्हणजे पायाला आधाराच्या पट्ट्या, बांधून, कुबड्या देऊन, पडत-धडपडत उभं करायचं होतं. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आता तशीच मेहनत मागतो तो अर्धांगवायू. पेशंट गावाकडे आणि आपण सगळे शहरात. तीन-चार महिने तेल-मालिश करून तो आपल्यापर्यंत येतो, तोवर खांदा आखडलेला असतो, कारण घरचे त्याला लुळ्या हाताला धरून उठवत असतात. 'हात ओढू नका' हे सुनेला वेळेवर सांगणारं कुणी असतं तर अर्धं काम झालं असतं. त्या सांगण्याचं बिल होत नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

पेशंट पाठवणारे काही जण 'आमचं काय?' विचारतील, म्हणजे कमिशन मागतील. पैसे द्यायचे नाहीत. सुरुवातीला गाळा ओस पडेल; माझाही पडला होता.

परदेशी जायचं असेल तर बिनधास्त जा, त्यात पाप नाही. इथेच राहणार असशील तर मशीनसाठी कर्ज इतक्यात काढू नकोस. चटई, सांधा किती वाकतो ते मोजायला गोनिओमीटर, व्यायामाचे रबरी पट्टे म्हणजे थेराबँड दोन-तीन आणि एक दणकट स्टूल, एवढ्यावर पुष्कळ होतं.

शनिवारी एका पेशंटच्या घरी जायचंय, वाडीवर. येणार असशील तर सव्वाआठला एस.टी. स्टँडवर थांब. सलवार-कमीजच घाल, जमिनीवर बसून काम आहे.

तुझी,
ताई