विषय ठरलेला नाही, मग 36 लाखांचे शिक्षण घ्यावे का?

सांगलीच्या एका अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या 52 वर्षांच्या वाचकांनी विचारले आहे की, बारावी वाणिज्य झालेल्या त्यांच्या मुलीला मुख्य विषय तिसऱ्या सत्रानंतर निवडू देणाऱ्या एका खासगी विद्यापीठात प्रवेश मिळत आहे. चार वर्षांचा खर्च वसतिगृहासह 36 लाख असून, त्यांपैकी 24 लाख राहते घर तारण ठेवून कर्जाने आणि 12 लाख भविष्य निर्वाह निधीतून उभे करावेत का, हा त्यांचा प्रश्न आहे.

सर, मुलगी अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र यांत घुटमळते आहे, याची आपल्याला वाटणारी चिंता मी बाजूला ठेवतो. अठराव्या वर्षी ‘अजून ठरले नाही’ हे प्रामाणिक उत्तर आहे. मला काळजी वाटते ती आपल्या वयाची.

कर्ज दरवर्षी 6 लाख याप्रमाणे उचलले आणि व्याजदर 10 टक्के धरला, तर अभ्यासक्रमाची चार वर्षे व पुढील एक वर्ष हप्ता नसला तरी सरळ व्याज चढतच राहते. पहिल्या 6 लाखांवर पाच वर्षे, शेवटच्या 6 लाखांवर दोन वर्षे, असे मिळून व्याजच 8 लाख 40 हजार होते. म्हणजे परतफेड सुरू होईल तेव्हा डोक्यावर 32 लाख 40 हजार असतील आणि दहा वर्षांच्या परतफेडीचा मासिक हप्ता सुमारे 42,800 रुपये बसेल. त्या वेळी आपण 57 वर्षांचे असाल आणि 58 व्या वर्षी निवृत्त व्हाल. मुलीची पहिली नोकरी हा हप्ता पेलेल, या गृहीतकावर घर तारण ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय दोन्ही विषयांच्या वाटांवर आणखी खर्च आहेच. मानसशास्त्रात व्यवसाय करायचा तर पदव्युत्तर शिक्षण लागतेच. अर्थशास्त्राकडे वळताना बारावीला गणित सोडलेले असेल, तर ते आधी भरून काढावे लागते, आणि विषय उशिरा ठरल्यामुळे एक वर्ष वाढले तर साधारण 9 लाखांची भर पडते.

म्हणून मी सुचवेन की तिने पुण्यातील किंवा सांगलीतील चांगल्या अनुदानित महाविद्यालयात दोन्ही विषय घेऊन पदवी सुरू करावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार मुख्य विषयासोबत दुय्यम विषयही घेता येतो. मुख्य विषय केव्हा पक्का करावा लागतो, हे प्रवेशाआधी महाविद्यालयात जाऊन विचारावे. निर्वाह निधीला आता हात न लावता तीच रक्कम, विषय पक्का झाल्यावर, पदव्युत्तर शिक्षणासाठी वापरावी.

तरीही घरात त्या विद्यापीठाचाच निर्णय झाला, तर कर्ज पूर्ण मंजूर करून घ्यावे, पण उचल वर्षागणिक करावी, कारण व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागते. पहिल्या वर्षी महिन्याला 5,000 आणि चौथ्या वर्षापासून 20,000 रुपये व्याज भरत राहिलात, तर मुद्दल 24 लाखांवरच थांबेल. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची आयकरातील वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, हेही हिशेबात धरावे. आणि कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी हा 42,800 चा आकडा मुलीसमोर ठेवावा. तो तिलाही फेडायचा आहे.