पिवळी बस उभी होती, पोर पुढून धावलं आणि मी निघून आलो

रावेर तालुक्यातल्या एका टेम्पोमालकाचं पत्र आहे. केळी उतरवून रिकामी गाडी घेऊन ते परतत होते. सावद्याजवळ एका फाट्यावर शाळेची बस उभी होती, मुलं उतरत होती. बाजूने गाडी काढताना बसच्या पुढून आठ वर्षांचा मुलगा धावत आला, बंपर लागून त्याचा हात मोडला. गर्दी जमली, दगड उचलले गेले, हे निघून आले. आज चौथा दिवस. मुलाचे वडील ‘चाळीस हजारांत मिटवू’ म्हणतात. मेव्हणा म्हणतो, गाडी पुतण्या चालवत होता असं सांग. पोराचीच चूक असताना आता काय करायचं, असं विचारलंय.

भाऊ, मेव्हण्याचा सल्ला आधी डोक्यातून काढा. तुमच्यावर लागतील ती कलमं जामीनपात्र आहेत. खोटा ड्रायव्हर उभा केलात तर पुतण्याही अडकेल आणि विमा कंपनीला हात वर करायला आयतं निमित्त मिळेल. फाट्यावरच्या दहा जणांनी तुम्हाला स्टिअरिंगवर पाहिलंय.

चूक पोराची म्हणता. पत्रात तुम्ही केळीचा भावसुद्धा लिहिलात, गाडीचा वेग मात्र लिहिला नाहीत. न्यायालय नेमकं तेच विचारेल. आठ वर्षांच्या मुलाकडून मोठ्या माणसाएवढं भान कोणी धरत नाही. उभ्या पिवळ्या बसच्या आडून पोर निघणारच, हे ड्रायव्हरने ओळखायचं असतं. बसमधल्या मदतनीस बाईंनी मुलाला रस्ता ओलांडून दिला होता का, हे जरूर तपासा. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांत मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी बसवाल्यांवरही आहे. त्याने भरपाईतला वाटा बदलू शकेल, तुमची जबाबदारी पुसली जाणार नाही. हाड मोडणं म्हणजे कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत: भारतीय न्याय संहितेचं कलम १२५(ब), कमाल ३ वर्षं कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सोबत बेदरकार वाहन चालवण्याचं २८१.

गर्दीला भिऊन निघालात, त्याला कायदा समजून घेतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये जमावाच्या रोषाचा उल्लेखच आहे. पण त्याच कलमात २४ तासांच्या आत पोलिसांना कळवा असंही आहे, आणि तिथे तुम्ही चुकलात. आजच वकील घेऊन ठाण्यात जा. दगड उचललेले पाहणारा कोणी असेल तर त्याचं नाव द्या. बंपर दुरुस्त करू नका.

चाळीस हजारांचा कागद लिहून घेतला म्हणजे केस संपत नाही. १२५ मध्ये तडजोड होते, पण न्यायालयाच्या परवानगीने, आणि मूल अल्पवयीन म्हणून पालकांमार्फत. २८१ मध्ये तर होतच नाही. शिवाय भरपाईच्या दाव्यासाठी वडिलांना अपघातापासून ६ महिने आहेत. ती रक्कम विमा कंपनीने द्यायची असते. तिला न विचारता पैसे कबूल केलेत तर पॉलिसीची अट मोडते. कंपनीला आजच लेखी कळवा. लायसन्स फक्त एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं, आहे म्हणून घाबरू नका. साडेसात टनांच्या आतली मालगाडी त्यावर चालते, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

मुलाला बघायला जरूर जा, गावातलं एखादं वडीलधारं माणूस सोबत घेऊन. औषधाला पैसे द्यावेसे वाटले तर आधी वकिलाला विचारा, आणि तिथे कुठल्याही कागदावर सही करू नका.