लग्नाला दीड महिना आहे, मुरमांच्या खड्ड्यांसाठी सोलापुरात लेझर रिसरफेसिंग करून घेऊ का? एका सिटिंगमध्ये खड्डे भरतात म्हणे.

लग्नाआधी करू नका. बिघडलं तर निस्तरायला दीड महिना पुरत नाही, आणि नीट झालं तरी फरक लग्नाच्या फोटोत यायचा नाही.

मी डॉक्टर नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. पण हे लेझर दोन वेगवेगळ्या ठिकाणी स्वतःच्या गालावर करून घेतलंय, एकदा घाईने आणि एकदा नीट, म्हणून लिहितोय.

लेझर खड्डा भरत नाही बघा. लेझर जखम करतं, मोजूनमापून. भरायचं काम आपली कातडीच करते, तिच्या वेगाने. कार्बन डायऑक्साइड लेझरचा प्रकाश 10,600 नॅनोमीटरचा असतो. तो कातडीतल्या पाण्यात शोषला जातो आणि तेवढ्या जागेची वाफ होते. आजूबाजूला जी उष्णता पोचते तिच्यामुळे खालच्या थरात नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन, तयार व्हायला लागतं. त्याला तीन ते सहा महिने लागतात. एका सिटिंगमध्ये गुळगुळीत हे गणित इथंच चुकतं. (हे लेझर 1964 साली बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधलं. माणूस जन्माने बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्यात केलेलं. मला हे कळल्यावर उगाचच छाती फुगली होती.)

1990च्या दशकात अख्ख्या चेहऱ्याचा वरचा थर सरसकट काढायचे. दोनेक आठवडे उघडी जखम, लाली कित्येक महिने. 2004 च्या सुमारास फ्रॅक्शनल पद्धत आली. सोलापूरच्या माणसाला ती जेकार्ड मागाच्या पुठ्ठ्यावरून लगेच कळेल. चादरीवर मोर उठवायचा तर पुठ्ठ्याला ठरलेल्या जागीच भोकं पाडतात, बाकीचा पुठ्ठा शाबूत राहतो. फ्रॅक्शनल लेझरही कातडीवर डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी भोकं पाडतं आणि मधली कातडी सोडून देतं. त्या सोडलेल्या कातडीतून भोकं लवकर भरून येतात. एर्बियम याग म्हणून दुसरं लेझर आहे, 2,940 नॅनोमीटरचं. त्याचा प्रकाश पाण्यात आणखी जास्त शोषला जातो, म्हणून आजूबाजूला उष्णता कमी पसरते. केस काढायचं लेझर आणि ‘लेझर टोनिंग’ या निराळ्या गोष्टी आहेत. पाटीवर सगळ्यालाच ‘लेझर’ लिहितात, म्हणून कुठलं ते नाव घेऊन विचारा.

आता माझी फजिती. पहिल्यांदा गेलो ते एप्रिलमध्ये. ते क्लिनिक कुठलं ते सांगत नाही. तीन सिटिंगचं पॅकेज, पैसे आधी. मी तेव्हा मेडिकलमधून आणलेली गोरं करणारी ट्यूब सात-आठ महिने लावत होतो. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तसल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते. आठव्या दिवसापासून गाडीवर कारखान्यात जायला लागलो, तोंडाला रुमाल बांधून. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन रुमालाला काय दाद देतंय! तीन आठवड्यांत दोन्ही गालांवर काळपट ठिपके उठले, ओळीत, सारख्या अंतरावर. आई म्हणाली, “तोंडावर चाळणी ठिवून उन्हात बसला हुतास का रे?”

आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला जखम किंवा उष्णता लागली की ती जास्त रंगद्रव्य सोडते. गोऱ्यापान लोकांचे आधीचे-नंतरचे फोटो बघून आपण भुलतो, पण ती कातडी वेगळी. माझे डाग जायला पाच महिने लागले. वांग असेल तर लेझरने तो वाढूही शकतो.

दुसऱ्या वेळी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो, एमडी डिग्री बघून. बाईंनी पहिल्या दिवशी मशीनला हातच लावला नाही. ट्यूब बंद करून काही महिने थांबवलं. मुरमांची आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू आहे का, ओठाच्या कडेला पाणी भरलेल्या पुटकुळ्या वारंवार येतात का, जुन्या जखमेवर वण फुगून वाढतो का, सगळं विचारलं. मग कानापुढे छोट्याशा जागेवर लेझर मारून चार आठवडे वाट बघितली. खड्ड्यांचेही प्रकार असतात हे तिथंच कळलं. सुईने टोचल्यासारखे खोल असतील तर लेझरचा फारसा उपयोग नाही, त्यात ॲसिडचा थेंब सोडतात. पसरट, खालून ओढलेले असतील तर आत सुई घालून खाली ओढणारे धागे आधी तोडावे लागतात. माझ्या गालावर दोन्ही होते, म्हणजे पहिल्या ठिकाणी निम्मे पैसे नुसते पाण्यात गेले.

मग गड्ड्याची जत्रा संपल्यावर, जानेवारीच्या शेवटी, पहिलं सिटिंग. बधिर करायचं मलम लावून तासभर बसायचं. मग चटके, आणि केस जळाल्याचा वास. त्या रात्री तोंड भट्टीसमोर धरल्यासारखं. तिसऱ्या दिवशी गालावर बोट फिरवलं तर बारीक रव्याची खरखर लागते. ती खरवडायची नाही. सातव्या दिवसापर्यंत आपोआप झडते. मी दहा दिवस घरून काम केलं, आणि पुढे एसपीएफ 50 चं सनस्क्रीन दर तीन तासांनी, ऑफिसातसुद्धा. दुसरं सिटिंग मार्चच्या सुरुवातीला. तिसरं बाईंनी उन्हाळ्यात द्यायला साफ नकार दिला, ते दिवाळीनंतर झालं.

तुमचं लग्न होऊ द्या. आता फक्त तपासून घ्या, सनस्क्रीन सुरू करा आणि असली कुठली ट्यूब लावत असाल तर ती डॉक्टरांना दाखवा. कातडीला स्टेरॉइडची सवय असेल तर ती एकदम बंद करूनही चेहरा भडकतो, म्हणून तेही त्यांनाच विचारून.

माझे खड्डे गेले का? समोरून बघितलं तर बरेच उथळ झालेत. न्हाव्याकडे बाजूची ट्यूबलाइट लागली की डाव्या गालावरचे चार-पाच अजून दिसतात.