पोर्तुगीज काळातल्या दस्ताची झेरॉक्स टिकते का?

पणजोबांची एस्क्रितुरा, म्हणजे नोटरीपुढे केलेला पोर्तुगीज दस्त, विरत चाललीय, झेरॉक्स मारून ठेवली तर तीही काही वर्षांनी उडेल का, असं तुम्ही विचारलंय. फोंड्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, असले कागद घेऊन लोक येतच असतात.

उडणार नाही. उडतो तो फॅक्सचा किंवा बिलाचा गुळगुळीत कागद. त्यावर शाई नसतेच, उष्णतेने कागदच काळा होतो आणि पुढे पांढरा पडतो. झेरॉक्सचा टोनर म्हणजे प्लॅस्टिकची काळी पूड. मशीनच्या आतल्या ड्रमवर अक्षरांचा विजेचा ठसा उमटतो, पूड त्याला चिकटते, तिथून कागदावर येते आणि गरम रोलरखाली वितळून बसते. चेस्टर कार्लसनने 1938 साली न्यूयॉर्कमध्ये गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर मुळात हेच केलं होतं. फक्त ही प्रत साध्या प्लॅस्टिकच्या फोल्डरात दाबून ठेवू नका, अक्षरं फोल्डरला चिकटून येतात.

आपल्याकडे खरी अडचण पावसाची. कागद ओलसर असला की त्यावर विजेचा भार टिकत नाही, पूड नीट उतरत नाही, प्रत फिकी येते. जुलैत जाणार असाल तर दुकानदाराला कागदाचं नवं रिम फोडायला सांगा. कुरकुरेल, पण फोडेल.

मूळ कागद मशीनच्या वरच्या, कागद आत ओढणाऱ्या फीडरमधून घालू देऊ नका, काचेवरच ठेवा. जुन्या शाईत बहुधा लोह असतं, ती तपकिरी होते, कागद खाते, आणि पाठची अक्षरं पुढे दिसायला लागतात. कागदाच्या पाठीवर काळा कागद ठेवून प्रत काढली की ती बरीच दबतात. रंगीत स्कॅनही करून घ्या. लॅमिनेशन मात्र अजिबात नको, ते परत निघत नाही.

दोन-तीन प्रती वेगवेगळ्या घरांत ठेवा. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यातच छापलं गेलं, पण त्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. राहिल्या त्या लोकांनी हाताने उतरवलेल्या पोथ्या.

इन्व्हेंटरीसाठी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीच्या कामासाठी, किंवा कोर्टासाठी हवं असेल तर नुसत्या झेरॉक्सवर भागत नाही, प्रमाणित नक्कल लागते. दस्तावर नोटरीच्या वहीचा क्रमांक, पान आणि तारीख असेल, तर अक्षरं वाचता येतात तोवर टिपून घ्या. सब-रजिस्ट्रारकडे किंवा पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोधताना आधी तेच विचारतात.