रेप्लिकेशन घ्यावं की स्नॅपशॉट बॅकअप? अंधेरीच्या ऑफिससाठी दोन कोटेशनं आली आहेत, कोणतं निवडू?

तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडतो. अंधेरीत ऑफिस आणि सर्व्हर रूम, भिवंडीत गोदाम. साधारण २० टीबी डेटा: एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवरची ईआरपी (कंपनीचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर), टॅली आणि फाइल सर्व्हर, सगळं व्हीएमवेअरवर (एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर). पहिल्या विक्रेत्याने दोन स्टोरेज सुचवलीत, एक अंधेरीत आणि एक नवी मुंबईतल्या महापेच्या डेटा सेंटरमध्ये, दोघांत सिंक्रोनस रेप्लिकेशन, म्हणजे एकीकडे लिहिलेलं त्याच वेळी दुसरीकडेही लिहिलं जाणं. "हे घेतलंत की बॅकअपची गरजच नाही," असं त्याचं म्हणणं. दुसरा म्हणतो एकच स्टोरेज घ्या, दर १५ मिनिटांनी स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाची गोठवलेली नोंद), तोच तुमचा बॅकअप.

मी याच धंद्यात आहे, आधी विकणाऱ्यांच्या बाजूने होतो, आता घेणाऱ्यांच्या. मत आधीच सांगून टाकतो: तुमच्या आकाराच्या कंपनीने पहिला पैसा स्नॅपशॉटवर घालावा, लगोलग वेगळ्या बॅकअपवर, आणि उरला तर रेप्लिकेशनवर. पहिल्या विक्रेत्याने हा क्रम नेमका उलटा केलाय. दुसऱ्याने अर्ध्यावर सोडलाय.

कारण असं. रेप्लिकेशन हे "जागाच गेली तर काय" याचं उत्तर आहे. आग लागली, सर्व्हर रूममध्ये पाणी शिरलं, स्टोरेजच बसलं. स्नॅपशॉट हे "डेटा बिघडला तर काय" याचं. कुणी फोल्डर उडवला, ईआरपीचा अपडेट फसला, मार्च एंडच्या रात्री टॅलीत भलतंच काहीतरी झालं. आता तुमच्या ऑफिसात यातलं काय जास्त वेळा होतं ते तुम्हीच आठवून पाहा.

सिंक्रोनस रेप्लिकेशनमध्ये अंधेरीत लिहिलेला प्रत्येक ब्लॉक (डेटाचा तुकडा) महापेत लिहिला गेल्याची पावती आल्याशिवाय सर्व्हरला "झालं" असं कळवलंच जात नाही. म्हणून डेटा शून्य हरवतो. पण ब्लॉकमध्ये काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. चुकून मारलेली डिलीट आणि खंडणीसाठीच्या रॅन्समवेअर व्हायरसने लॉक केलेली फाइल तितक्याच इमानाने, तितक्याच मिलिसेकंदांत महापेला पोचते.

याचं मला पटलेलं उदाहरण आपल्या दारातलंच आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा व्हायरस पसरला तेव्हा मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणा बसल्या, आणि न्हावाशेव्यातल्या त्यांच्या समूहाच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. मर्स्ककडे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवरच्या सगळ्यांची खाती आणि परवानग्या सांभाळणारे सर्व्हर) होते आणि ते एकमेकांशी सिंक होत. एक गेला तर दुसरा आहेच, हा हिशोब. सगळे एकाच वेळी जातील हे त्या हिशोबात नव्हतं. वाचला तो एकच, घानाच्या ऑफिसातला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्यामुळे तो नेटवर्कवरच नव्हता. पुढची सगळी उभारणी त्या एका प्रतीवरून झाली. तिथे मालवेअरने एकेक मशीन पुसलं, रेप्लिकेशनमधून ते पसरलं असं नाही. पण दहा काय, दीडशे जिवंत प्रती एकाच नेटवर्कवर असल्या तरी नेटवर्कपासून वेगळी असलेली एक प्रत त्यांना भारी पडते, हे त्यातून दिसतं.

आता अंतराचं. प्रकाश फायबरमधून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०० किलोमीटरचं जाणं-येणं धरून १ मिलिसेकंद. अंधेरी-महापे फायबर वळसे घेत ३०-४० किलोमीटर झालं तरी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत बसतं, वर स्विचचा वेळ. तुमच्या ईआरपीला ते जाणवणार नाही. पुण्याला नेलंत तर दीड-दोन मिलिसेकंद, डेटाबेस कुरकुरायला लागेल. हैदराबादला सिंक्रोनसचा विषयच सोडा.

पण महापे जवळ आहे हाच त्याचा दोषही आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई तिन्हींची वीज एकदम गेली होती. डेटा सेंटरला जनरेटर असतात, तुमच्या अंधेरीच्या इमारतीला किती वेळाचं डिझेल आहे? आणि लाइनचं तर बोलूच नका. दोन कंपन्यांच्या लीज्ड लाइन (भाड्याच्या खास लाइन) घेतल्या म्हणजे दोन वेगळे मार्ग झाले, असं मुंबईत धरून चालता येत नाही. दोघांचं फायबर एकाच चरातून जात असतं आणि रस्ता खोदणाऱ्या जेसीबीला दोन्ही सारखीच. कोटेशनमध्ये मार्गाचा नकाशा मागा, बघा विक्रेता किती वेळ गप्प बसतो ते.

लाइन तुटल्यावर सिंक्रोनसचं काय होतं, हा खरा प्रश्न आणि तो विक्रीच्या मीटिंगमध्ये कुणी काढत नाही. दोनच पर्याय असतात: अंधेरीतलं लिखाणच थांबवायचं, किंवा आरसा तुटल्याचं मान्य करून एकट्याने पुढे जायचं. नेटअ‍ॅप कंपनीच्या स्टोरेजमध्ये हे दोन वेगळे मोड आहेत, याच क्रमाने स्ट्रिक्टसिंक आणि सिंक. ओरॅकल डेटाबेसच्या डेटा गार्डमध्ये मॅक्सिमम प्रोटेक्शन निवडलंत आणि एकाही स्टँडबायपर्यंत (दुसऱ्या जागच्या प्रतीपर्यंत) पोचता येईनासं झालं तर मुख्य डेटाबेस स्वतःहून बंद पडतो. मॅक्सिमम अव्हेलेबिलिटीत तो चालू राहतो. यातलं काय हवंय ते तुम्ही ठरवलं नाहीत तर डिफॉल्ट सेटिंग ठरवेल. मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसई या शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११:४० ला थांबले आणि दुपारी ३:४५ ला पुन्हा सुरू झाले. एक्स्चेंजने नंतर दिलेलं कारण असं की मुख्य डेटा सेंटर आणि जवळच्या डीआर (आपत्तीत वापरायच्या) केंद्रामधल्या टेलिकॉम लाइन डळमळल्या, आणि त्यातून स्टोरेज नेटवर्क अनपेक्षित वागलं. दुसरी प्रत ठेवण्यासाठी केलेली जोडणीच पहिलीला घेऊन बसू शकते.

असिंक्रोनस, म्हणजे पावतीची वाट न बघता मागाहून पाठवणारं रेप्लिकेशन, घेतलंत तर हा प्रश्न जातो, त्याच्या जागी लाइनच्या रुंदीचा येतो. हा हिशोब कागदावर कराच. २० टीबीपैकी रोज ५ टक्के बदलतो असं धरू, म्हणजे १ टीबी. १०० एमबीपीएसची लाइन चोवीस तास भरभरून चालली तर जेमतेम तेवढंच नेते. पण तुमचा बदल चोवीस तासांत विखुरलेला नाही, तो सकाळी नऊ ते संध्याकाळी सात या वेळातला. त्या दहा तासांत लाइन ०.४५ टीबी नेईल. म्हणजे संध्याकाळी सातला अंधेरी गेली तर महापेत दुपारी दीडच्या सुमाराचा डेटा सापडेल, मग ब्रोशरवर "आरपीओ ५ मिनिटे" (म्हणजे फार तर ५ मिनिटांचा डेटा हरवेल) असं कितीही ठळक छापलेलं असो. कॉम्प्रेशनने हे सुधारतं, पण किती ते तुमच्या डेटावर मोजून घ्या, विक्रेत्याच्या स्लाइडवरून नको.

आता दुसरा विक्रेता. स्नॅपशॉट ही प्रत नसते, हे पहिल्यांदा डोक्यात बसवा. त्या क्षणी कोणते ब्लॉक कुठे होते याची नोंद गोठवली जाते आणि जुने ब्लॉक पुसले जात नाहीत, एवढंच. म्हणून तो क्षणात होतो आणि सुरुवातीला जागा जवळजवळ घेत नाही. काही यंत्रणा बदलण्याआधी जुना ब्लॉक उचलून दुसरीकडे ठेवतात, लिनक्समधलं डिस्क सांभाळणारं जुनं एलव्हीएम तसं करतं आणि त्यात लिखाण मंदावतं. नेटअ‍ॅप किंवा झेडएफएस (फाइल ठेवण्याची एक व्यवस्था) नवं लिखाण नव्या जागी करतात, जुनं जिथल्या तिथे राहतं. दर १५ मिनिटांनी घ्यायचे असतील तर दुसरी पद्धतच हवी.

आणि रोजच्या कामात याच्याइतकं सुखाचं काही नाही. अकाउंट्समधल्या कुणी एक्सेल शीटवर चुकीची शीट सेव्ह केली, तर शेअर्ड फोल्डरवर राइट क्लिक, प्रीव्हियस व्हर्जन्स, सकाळी ११:१५ ची प्रत, रिस्टोअर. तुम्हाला फोनसुद्धा येत नाही. फक्त ही सोय त्या स्टोरेजवर चालू आहे का ते विचारून घ्या.

पण ही सगळी नोंद त्याच डिस्कवर आहे. स्टोरेज गेलं की स्नॅपशॉटही गेले. शिवाय रॅन्समवेअर सगळ्या फाइल नव्याने लिहितं तेव्हा जुने सगळे ब्लॉक स्नॅपशॉटने धरून ठेवलेले असतात, म्हणजे जागा दुपटीकडे धावते. पूल (स्टोरेजमधली एकूण जागा) भरत आला की बऱ्याच स्टोरेजमध्ये जुने स्नॅपशॉट आपोआप उडवण्याची सोय असते. ती चालू असेल तर कालचा चांगला स्नॅपशॉट उडतो आणि आजचा बिघडलेला राहतो! ही सेटिंग आजच जाऊन बघा. उलट बाजूने, स्नॅपशॉटची जागा एका तासात अचानक फुगणं हा हल्ल्याचा चांगला इशारा आहे, त्यावर अलर्ट लावा.

व्हीएमवेअरचा स्नॅपशॉट हा यातला नव्हेच, नाव सारखं म्हणून घोटाळा होतो. तो एकेक डेल्टा (फक्त बदल नोंदवणारी) फाइल जोडत जातो. खुद्द व्हीएमवेअर सांगते की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. पॅच टाकण्याआधी घ्या, काम झालं की काढा.

एसक्यूएल सर्व्हरसाठी आणखी एक. डेटा आणि लॉग (बदलांची नोंदवही) वेगळ्या व्हॉल्यूमवर (स्टोरेजच्या वेगळ्या भागांवर) असतील तर दोन्हींचा स्नॅपशॉट एकाच क्षणी व्हायला हवा, म्हणजे ते एका कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये हवेत. नाहीतर परत आणलेला डेटाबेस उठेलच असं नाही. विंडोजच्या व्हीएसएस या सेवेमधून घेतला तर अर्धवट व्यवहार नीट मिटवलेल्या अवस्थेत मिळतो. विक्रेता "अ‍ॅप्लिकेशन कन्सिस्टंट" म्हणाला तर कसं, हे दाखवायला सांगा.

मधले पर्यायही आहेत, धावता उल्लेख करतो. झर्टो हे सॉफ्टवेअर हायपरवायझरच्या (आभासी सर्व्हर चालवणाऱ्या थराच्या) पातळीवर रेप्लिकेशन करतं आणि ३० दिवसांपर्यंतचं जर्नल (बदलांची नोंद) ठेवतं, त्यामुळे अगदी काही सेकंद आधीच्या स्थितीवरही जाता येतं. दोन्हीकडे एकाच कंपनीचं स्टोरेज लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. फक्त ईआरपीच महत्त्वाची असेल तर एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्डमधला बेसिक अव्हेलेबिलिटी ग्रुप (डेटाबेसची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवणारी सोय) पुरेल, एका ग्रुपमध्ये एकच डेटाबेस बसतो इतकंच.

राहिला तो वेगळा बॅकअप, जो दोन्ही कोटेशनांत नाही. व्हीम, कॉमव्हॉल्ट, नेटबॅकअप, रुब्रिक, यांतलं कुठलंही बॅकअपचं सॉफ्टवेअर चालेल. तुमच्या आकाराला व्हीम सहसा स्वस्तात बसतं. नावापेक्षा दोन अटी महत्त्वाच्या. बॅकअप सर्व्हर तुमच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) डोमेनमध्ये नको, म्हणजे डोमेन अ‍ॅडमिनचा पासवर्ड चोरणाऱ्याला तो उघडता येणार नाही. आणि एक प्रत अशी हवी जी मुदत संपेपर्यंत तुम्हालाही उडवता येऊ नये. एडब्ल्यूएस या अमेझॉनच्या क्लाउडवर ऑब्जेक्ट लॉकचा कंप्लायन्स मोड असतो, त्यात रूट यूझरलाही (खात्याच्या मालकालाही) डिलीट करता येत नाही. त्यांचं हैदराबाद रीजन २०२२ पासून आहे, मुंबईपासून लांबची प्रत तिथे ठेवा. एलटीओ टेपही (बॅकअपसाठीची चुंबकीय टेप) चालेल, कपाटातल्या टेपपर्यंत व्हायरस पोचत नाही, फक्त पावसाळ्यातली दमट हवा सांभाळा.

क्लाउडवरून परत आणण्याचा वेळ मात्र आधीच मोजा. २० टीबी १०० एमबीपीएसवर उतरवायला साडेअठरा दिवस लागतात, १ जीबीपीएसवर साधारण ४४ तास. म्हणून स्थानिक प्रत ऑफिसात लागतेच, लांबची फक्त शेवटच्या आधारासाठी.

तुम्ही बँक असता तर मी क्रम वेगळा सांगितला असता. रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेले आयटी गव्हर्नन्सचे निर्देश महत्त्वाच्या यंत्रणांसाठी जवळपास शून्य आरपीओ आणि सहा महिन्यांतून किमान एकदा डीआर ड्रिल (आपत्तीचा सराव) मागतात. तिथे रेप्लिकेशन टाळता येत नाही. तुमच्यासारख्या मालाच्या वितरणाच्या धंद्यात दुपारची दोन तासांची बिलं पुन्हा टाकणं वैतागाचं असलं तरी परवडतं.

तेव्हा पहिल्या विक्रेत्याला महापेचं स्टोरेज काढून नवं कोटेशन द्यायला सांगा आणि वाचलेल्या पैशात बॅकअपचं सॉफ्टवेअर, एक साधा बॅकअप सर्व्हर आणि हैदराबादची प्रत बसवा. वर्षभरात बदलाचं खरं प्रमाण कळेल, तेव्हा असिंक्रोनस रेप्लिकेशनची लाइन किती रुंद हवी ते अंदाजाने ठरवावं लागणार नाही.

आणि डेमोमध्ये बॅकअप होताना दाखवला तर बघू नका, तो सगळ्यांचा होतो. प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणाऱ्या गिटलॅबकडे ३१ जानेवारी २०१७ ला बॅकअप आणि रेप्लिकेशनच्या पाच पद्धती होत्या. चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी उडाल्यावर त्यातली एकही नीट चालत नसल्याचं कळलं. डेटाबेसचा डंप (पूर्ण उतारा) सॉफ्टवेअरच्या आवृत्तीच्या गोंधळामुळे कधीचा फसत होता आणि फसल्याचे ईमेल वाटेतच अडकत होते. शेवटी सुमारे सहा तास जुन्या एका एलव्हीएम स्नॅपशॉटने निभावलं. तेव्हा विक्रेत्याला सांगा: आमच्या ईआरपीचा कालच्या दुपारचा डेटाबेस, मूळ स्टोरेज बंद आहे असं धरून, दुसऱ्या सर्व्हरवर आमच्यासमोर उठवा, आणि आमचा अकाउंटंट त्यातलं कालचं शेवटचं बिल उघडून बघेल. घड्याळ तुम्ही लावा. त्यांना ते अंधेरीत येऊन करायचं नसेल तर तिसरं कोटेशन मागवा.