ध्यान म्हणजे नेमकं काय करायचं? बसलं की विचार थांबत नाहीत, दहा मिनिटांत पाय बधिर होतात, डुलकी लागते. शिबिराला जावं का? घरचे म्हणतात शेतीच्या कामातच ध्यान होतं, ते खरं का?

प्रश्नाच्या शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण ते वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. खरं नाही.

'आम्ही दिवसभर डवऱ्यामागं चालतो, आमचं ध्यान तेच,' हे वऱ्हाडात कोणत्याही पारावर ऐकायला मिळतं. डवरा म्हणजे पिकाच्या ओळींतलं तण काढायचं, बैलांनी ओढायचं अवजार. म्हणणाऱ्यानं स्वतः तो धरून बहुधा बरीच वर्षं झालेली असतात. डवरणीत मन कुठं असतं ते बघा. पहिल्या चार-दोन ओळी नजर पासेवर, म्हणजे डवऱ्याच्या पात्यावर असते, कपाशीचं रोप कापलं जाऊ नये म्हणून. बैलांना मुसकी बांधलेली असली तरी एक कान तिकडं असतो. एकदा हाताला अंदाज बसला की पाय आपोआप चालतात आणि मन निघतं सोसायटीच्या हप्त्याकडं, तुरीच्या भावाकडं, भावकीतल्या भांडणाकडं. धुऱ्याला पोचून डवरा वळवेपर्यंत आपण कुठं होतो याचा पत्ता नसतो. काम चोख होतं, मन गेल्याचं कळत नाही आणि कळायची गरजही पडत नाही. ध्यानात नेमकं हेच उलटं करायचं असतं. एक जागा आधी ठरवायची, मन तिथं लावायचं, ते गेलं की ओळखायचं, आणि परत आणायचं. हे ओळखणं आणि परत आणणं जिथं होत नाही तिथं मेहनत असेल, कसब असेल, कामाचा आनंदही असेल, पण त्याला ध्यान म्हणू नये.

यावर लगेच कर्मयोग म्हणून गीता पुढं केली जाते. मग सहावा अध्यायही उघडावा. तिसऱ्या अध्यायात कर्माचं एवढं सांगून झाल्यावरही इथं वेगळं बसायला सांगितलंय: स्वच्छ जागा, एकांत, फार उंच नाही फार सखल नाही असं आसन, दर्भ, मृगाजिन, वस्त्र, आणि पाठ-मान-डोकं सरळ. काम म्हणजेच ध्यान असतं तर आसनाच्या उंचीपर्यंत जायचं कारण काय होतं? आपल्याच भागातलं बघायचं तर तुकडोजी महाराज घ्या. ग्रामसफाई, श्रमदान, शेती यांवर त्यांच्याइतकं बोललेला दुसरा संत शोधून दाखवा. पण १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम सुरू करणाऱ्या या माणसानंही सकाळी सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, अशी दिवसाची दोन टोकं वेगळी राखलीच. गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांत आजही लोक त्यासाठी बसतात, आणि त्यातले बरेचसे दिवसभर वावरात राबणारेच असतात.

आता तुमच्या तीन तक्रारी: विचार थांबत नाहीत, दहा मिनिटांत पाय बधिर होतात, डुलकी लागते.

पहिली बाद. विचार थांबणार नाहीत. पतंजलींच्या हिशेबात मन एका ठिकाणी बांधणं ही धारणा, आणि तीच जाणीव मध्ये न तुटता वाहू लागली की ध्यान. म्हणजे तुम्ही-आम्ही रोज बसून जे करतो ती बहुतेक धारणाच. दहा मिनिटांत मन पन्नास वेळा गेलं आणि पन्नास वेळा परत आणलं, तर त्या दिवशीचं काम पूर्ण झालं. 'विचारशून्य अवस्था'वाले व्हिडिओ बघणं बंद करा, निम्मा त्रास तिथंच संपेल.

पायांचं मात्र सविस्तर सांगतो, कारण लोक ध्यान सोडतात ते मनामुळं नाही, बैठकीमुळं. सपाट सतरंजीवर मांडी घातली की कंबर मागं ढळते, पाठीला बाक येतो, गुडघे वर राहतात आणि घोटे, पिंढऱ्या यांवर भार येऊन नसा दबतात. म्हणून बुडाखाली चार ते सहा इंच उंची हवी. रिकाम्या बोऱ्याची घट्ट घडी, तिच्यावर जुनी गोधडी, एवढं पुरे. कापसाची उशी नको, ती पाच मिनिटांत चेपते. घडीच्या मधोमध न बसता पुढच्या कडेला बसा, म्हणजे कंबर आपसूक पुढं झुकते आणि गुडघे भुईला टेकतात. एक गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याच्याखाली दुपट्ट्याची घडी सारा, घोट्याखालीही काहीतरी मऊ घाला. पद्मासनाचा हट्ट कशाला? दोन्ही पाय एकापुढं एक भुईवर ठेवले तरी चालतं. बाजेवर बसू नका. तिला झोळ असतो, पाठ सरळ राहत नाही, आणि बाज दिसली की शरीराला झोपच आठवते. मांडी जमतच नसेल तर लाकडी खुर्ची घ्या, पाठ न टेकता, तळवे पूर्ण भुईवर.

मुंग्या आल्या तर थोडं थांबून त्या कशा वाढतात, कशा ओसरतात ते पाहता येतं. पण गुडघ्याच्या आतून कळ आली तर त्याच क्षणी पाय सरळ करा. खुबा मोकळा नसला की मांडीचा पीळ गुडघ्यावर जातो, आणि निंदून-वेचून झिजलेल्या गुडघ्याला तो सोसत नाही. 'दुखणं सोसणं हीच साधना' असं सांगणारे भेटतील. कापूस वेचायला त्यांचे गुडघे येणार नाहीत.

बसल्यावर काय? दोन-तीन लांब श्वास घ्या आणि मग श्वासाला हात लावू नका. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर, हवेचा जो बारीक स्पर्श लागतो तिथं लक्ष ठेवा. मोजायचं असेल तर श्वास बाहेर गेला की एक, असं दहापर्यंत, मग पुन्हा एकपासून. विसुद्धिमग्ग या जुन्या पाली ग्रंथात पाचाच्या आत थांबू नये, दहाच्या पुढं जाऊ नये असं सांगितलंय: पाचाच्या आत मन दाटीच्या गोठ्यातल्या गुरांसारखं धडपडतं, दहाच्या पुढं ते श्वास सोडून आकड्यालाच धरतं. आकडा चुकला की रागवायचं नाही, एकवर यायचं. सुरुवातीला दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. पंधरवडा न चुकता झाला की वीस करा. एकाच बैठकीत तासभर बसून पुढचे चार दिवस दांडी मारण्यापेक्षा हे बरं.

हमखास होणारी चूक म्हणजे श्वासाकडं पाहता पाहता तो ओढायला लागणं. छाती जखडल्यासारखी होते, भुवयांच्या मध्ये दाब येतो, डोकं जड होतं. काही जण त्यालाच 'शक्ती जागी झाली' म्हणून मिरवतात. तो निव्वळ ताण असतो. लक्ष नाकावरून काढून तळहातांवर किंवा पोटावर न्या, जबडा सैल सोडा, दोन मिनिटांत उतरतं. तुरी-सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत कुटाराच्या धुळीनं नाक चोंदतं, तेव्हाही पोटच धरा: श्वासाबरोबर वर येतं, खाली जातं. ब्रह्मदेशातले बौद्ध भिक्षू महासी सयाडॉ हीच रीत शिकवत. रंग, उजेड, अंग तरंगल्यासारखं वाटणं असलं काही झालं तर झालं. पुन्हा श्वासावर या आणि त्याची गावभर चर्चा करू नका.

झोपेचं कारण आधी शोधा. रात्रीच्या लाइनवर ओलीत करून पहाटे घरी आलेल्या माणसानं ध्यानाला बसू नये, झोपावं. भाकर-वरण पोटभर जेवून लगेच बसलात तर डुलकी ठरलेलीच, निदान दोन तास जाऊ द्या. पुरेशी झोप होऊनही डोळे मिटत असतील तर बुद्धानं आपल्या मोग्गल्लान या शिष्याला सांगितलेले उपाय आजही तसेच लागू पडतात. कान ओढ, अंग चोळ, उठून डोळ्यांना पाणी लाव, ताऱ्यांकडं बघ, मनात उजेड आण, येरझाऱ्या घाल, आणि एवढ्यानंही हटली नाही तर उजव्या कुशीवर पडून घे. झोपायला सांगणारा हा शेवटचा उपाय मला फार आवडतो.

त्यातल्या येरझाऱ्या म्हणजे चंक्रमण, आणि चालतानाचं ध्यान हवं असेल तर ते हे. अंगणात किंवा विहाराच्या ओट्यासमोर वीस-तीस पावलांची सरळ वाट ठरवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, थांबायचं, वळायचं, परत यायचं. लक्ष तळपायावर: उचलला, पुढं नेला, टेकवला. मन गेलं की जागीच थांबा, ओळखा, मग पुढचं पाऊल. अनवाणी चालल्यास स्पर्श स्पष्ट कळतो, फक्त जागा झाडून घ्या, काटे आणि सराटे आधी काढा. मे महिन्यात सूर्य वर यायच्या आत उरका, नंतर भुई पाय टेकू देत नाही. डवऱ्यामागं चालण्यात आणि यात फरक काय, हे पंधरा मिनिटं करून पाहिलं की घरच्यांना सांगावं लागणार नाही. त्यांनाच चालायला लावा.

शिबिराचं विचारलंय. गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं विपश्यना शिबिर दहा दिवसांचं असतं. पहाटे चारला घंटा, बोलणं बंद, मोबाइल जमा, पहिले तीन दिवस फक्त श्वास आणि चौथ्या दिवसापासून विपश्यना, म्हणजे अंगभर उठणाऱ्या संवेदना नुसत्या पाहणं. शुल्क नसतं, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर ते चालतं. नागपूरजवळ माहूरझरीला धम्मनाग केंद्र आहे. अर्ज आधी करावा लागतो. ऐन निंदणात किंवा वेचणीत जाऊ नका, मन दहा दिवस वावरातच राहील. हरभरा निघाल्यावर बघा. तिथं आकडे मोजायला, देवाचं नाव घ्यायला मनाई असते, तेव्हा मी वर लिहिलेलं तिथं मिसळू नका. तुमची आजी माळ ओढत असेल तर तिला श्वासाकडं वळवायच्या भानगडीत पडू नका. एकशे आठ मण्यांत नाम सुटलं ते ओळखून परत धरलं तर तिचंही तेच चाललंय.

आता ज्या गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या त्या. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर श्वास कोंडण्याचे प्रकार करू नका. दिव्याकडं एकटक पाहण्याचा त्राटक काचबिंदू असलेल्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर ध्यान जमायला लागलं म्हणून त्या बंद करायच्या नाहीत, आणि लांब शिबिराच्या अर्जात तो आजार लपवायचा नाही. आणि विदर्भात हे सांगितल्याशिवाय राहवत नाही: कर्जानं खचलेल्या, बोलेनासा झालेल्या माणसाला 'ध्यान कर, शांत वाटेल' एवढंच सांगून वाटेला लावू नका. त्याच्याजवळ बसा, १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनच्या, फुकट क्रमांकावर फोन लावून द्या, जिल्हा रुग्णालयात न्या. व्याजाचा हिशेब श्वास मोजून उतरत नाही.

घरच्यांशी वाद घालायचा असेल तर तोही नीट घाला. 'कामातच ध्यान होतं' हे वाक्य सर्वांत जास्त कुणाला ऐकवलं जातं? पहाटे उठून पाणी भरणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या, दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदून परत येऊन पुन्हा चुलीशी बसणाऱ्या बाईला. ऐकवणारा तेवढ्या वेळात मंडळात जाऊन बसून आलेला असतो. तिला स्तुती नको आहे, वीस मिनिटं हवी आहेत. तुम्ही उद्यापासून बसणारच असाल तर ती वीस मिनिटं घरात आणखी कुणाला हवीत ते विचारा, वेळा वाटून घ्या. ती बसली असेल तेव्हा चहा तुम्ही ठेवा, पोरांना तुम्ही आवरा, आणि पावडर कुठल्या डब्यात आहे हे विचारायला तिच्याजवळ जाऊ नका.